शिवेवरचा वाकड्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भूपेश सायकलनं सावली गावाला निघाला तो रोजच्यासारखाच. हँडलला डब्याची पिशवी, खिशात सायकल दुकानाची किल्ली. सण असो की नसो, दुकान उघडायचं असं मालकानं बजावून ठेवलं होतं. पंक्चर काही सण पाहून होत नाही, हे मालकाचं नेहमीचं बोलणं.

रात्री पाऊस येऊन गेला होता. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या काठोकाठ भरल्या होत्या आणि त्यातलं पाणी हलत नव्हतं. रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. गावातले सगळे उजाडायच्या आधीच शिवेवर जाऊन परत आले होते. त्या भागात पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या रोवतात, मेढे म्हणतात त्यांना. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उपटायच्या, घरातला खोकला, ताप, खरूज जे काही असेल ते त्यांच्यासोबत हाकलायचं, "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत शिवेपलीकडे नेऊन टाकायचं आणि मागे न पाहता परतायचं. ज्या घरात कोणी फार आजारी असेल, ते मातीची नाही तर चिंधीची बाहुली आजाऱ्यावरून उतरवून फांदीला बांधतात. ती रास मग तिथेच सडते. घरी चुलीला लाकूड नसलं तरी बाया तिथली काडी उचलत नाहीत.

शिवेपाशी चढ आहे. तिथे भूपेशच्या सायकलची चेन उतरली. तो खाली बसला. चेन चढवता चढवता त्याला ओल्या पळसाचा उग्र वास आला आणि त्यानं मान वळवली.

दोन गावांच्या दोन राशी रस्त्याच्या दोन अंगांना पडल्या होत्या. पलीकडच्या गावाच्या राशीत, वरच्याच फांदीला, हळदीच्या चिंधीनं कोणीतरी काहीतरी बांधलं होतं. मधल्या बोटाएवढं. शेवाळी रंगाचं. कमरेत वाकलेलं, दोन्ही हात छातीशी, तोंड वासलेलं.

भूपेशचे हात चेनवरच थांबले. तो वाकड्या होता.

हे समजायला थोडं मागे जायला हवं. 'पाताल-ग्रह' नावाचा एक इंग्रजी सिनेमा हिंदीत करून सावलीच्या व्हिडिओ हॉलात लागला होता. मग त्याचा दुसरा भाग आला, तिसरा आला. तिसऱ्याच्या वेळी एका वेफर्सवाल्या कंपनीनं पाकिटात त्यातला एकेक प्लॅस्टिकचा प्राणी फुकट द्यायला सुरुवात केली. पायाखाली बारीक इंग्रजी नावं होती, ती कोणाला वाचता येत नव्हती, म्हणून पोरांनी आपली नावं ठेवली. चिमट्या, दोनतोंड्या, फुगा, लंबू. पाकिटं येत राहिली, पण पोरांची हौस वर्षभरात संपली. भूपेशची संपली नाही. बाप गेल्यावर सातवीतून शाळा सुटलेला हा पोरगा, आता बाविशीचा. चारचौघांत त्याला बोलायला जमत नसे. सिनेमात माणसं त्या प्राण्यांना पाहून किंचाळत, बंदुका काढत, तेव्हा त्याला वाटे, यांना एकदा तरी कोणी विचारावं की बाबा, तुम्हाला काय पाहिजे? त्यानं ते सगळे जमवले. रॉकेलच्या बोळ्यानं पुसून, जुन्या ब्रशनं घासून घरातल्या फळीवर ओळीनं मांडले. त्या ओळीत एकच जागा रिकामी होती. वाकड्याची. तो कधी कोणाच्या पाकिटात निघालेला त्यानं ऐकला नव्हता.

शिवेवरची वस्तू उचलायची नसते हे भूपेशला ठाऊक होतं. ते शिकवायला शाळा लागत नाही. तो उभा राहिला, सायकल हातात घेतली, चार पावलं गेलाही. मग त्याला वाटलं, उद्या पाऊस आला की हा चिखलात जाईल. परवा एखाद्या बैलगाडीच्या चाकाखाली येईल. तो परत फिरला. चिंधीची गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, बोटांनी सुटेना. शेवटी त्यानं ती दातांनी सोडवली. दिवसभर त्याच्या जिभेवर हळदीची कडवट चव राहिली.

*

घरात तिघंच राहत. भूपेश, त्याची मोठी बहीण गोकुळा आणि तिची पाच वर्षांची भाग्यश्री. गोकुळेचा नवरा कोरपन्याकडे सिमेंटच्या कामावर होता, सणावाराला यायचा. आईबाप गेल्यावर भावाला भाकर कोण घालणार म्हणून गोकुळा माहेरीच राहिली होती.

"आनला आनखीन एक भूत," फळीकडे पाहून ती म्हणाली. "तुयं लगन झालं तं नवरी कुठी बसवशील बाप्पा? फळीवर?"

भूपेश हसला. कुठून आणला ते त्यानं सांगितलं नाही.

भाग्यश्री फळीखाली मान वर करून उभी होती. "मामा, हा काऊन वाकला?"

"आग थुकते तो. सिनेमात पाह्यलो मी."

तिनं नीट निरखून पाहिलं. "नाई," ती म्हणाली. "त्याले खोकला झाला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली. गोकुळा शेजारी गेली होती. भूपेश दाराशी भाग्यश्रीला मांडीवर घेऊन बसला होता. बाहेर बेडूक ओरडत होते. आत अंधार दाटत चालला होता आणि त्यात ओल्या मातीचा, रॉकेलचा आणि कुठून कोण जाणे, पळसाच्या कुजत्या पानांचा वास होता.

तेवढ्यात कोणीतरी खोकललं.

दोनदा आखूड, कोरडं. मग एक लांब ओढ, आणि शेवटी श्वास आत घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज. लहान लेकराचा खोकला. भूपेशनं खाली पाहिलं. भाग्यश्री त्याच्या मांडीवर बोटांनी खेळत बसली होती. तिचं तोंड मिटलेलं होतं. ती मान वळवून आत, फळीच्या दिशेनं पाहत होती.

"मामा..." ती हळूच म्हणाली. "पाह्य. मी सांगतली होती ना."

*

दोन दिवसांनी भाग्यश्री खोकलायला लागली.

दोनदा आखूड, मग लांब ओढ, मग ती शिट्टी. भूपेशनं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याच्या हातातला पाण्याचा गडवा खाली पडला. सावलीच्या डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, परत बोलावलं, औषध बदललं. छाती साफ आहे, ते म्हणाले आणि स्वतःच विचारात पडले. गोकुळा वेळेवर औषध द्यायची, छातीला तेल चोळायची. पोरगी वाळत चालली. खोकल्याची उबळ आली की ती कमरेत वाकायची, दोन्ही हात छातीशी घ्यायची आणि तोंड वासायची. तिला तसं पाहिलं की भूपेश नजर दुसरीकडे न्यायचा, आणि दुसरीकडे फळी असायची.

स्टँडवर पिंटूची टपरी होती. पिंटू म्हणजे भूपेशचा व्हिडिओ हॉलापासूनचा दोस्त, आणि फळीवरची ओळ पूर्ण करायच्या नादात त्याच्यासारखाच खुळा. त्या दिवशी भूपेश चहाला थांबला तेव्हा पिंटूच बोलायला लागला.

"एक गोष्ट सांगतो, रडशील. वाकड्या निंघला होता बे! मायाच दुकानाच्या पाकिटातून. शिवेपलीकडच्या सुकल्याले. बुधरी बाईचा नातू."

भूपेशनं कप खाली ठेवला.

"पाच देतो म्हटलो त्याले बदल्यात. पोट्टा आयकेच ना. मंग त्याले डांग्या खोकला झाला, लय झाला. अन् त्या बुढीनं काय केलं? पोळ्याले थोच वाकड्या त्याच्यावरून उतरवला अन् मेढ्याले बांधून देल्ला फेकून! म्हने, असं खोकलनारं तोंड मातीत मले कुठी जमलं असतं?" पिंटू हसला, मग त्याचा चेहरा पडला. "दुपारी मी चुपचाप पाहून आलो शिवेवर. नव्हता. कोनी नेला असंल बे?"

भूपेशनं चहाचे पैसे काढून ठेवले.

"अन् सुकल्या?" त्यानं विचारलं.

"ठनठनीत. कालच आलता लिमलेटच्या गोळ्या घ्याले."

*

बुधरीचं घर पलीकडच्या गावात अगदी शेवटी. भूपेश दुपारी गेला. ऊन पडलं होतं, पण रस्त्यावर कोणी नव्हतं. म्हातारी अंगणात बांबूच्या कामट्यांची टोपली विणत होती. सुकलू चिंचेखाली एकटाच खेळत होता, गुबगुबीत, दोन आवाज काढून दोघांचं बोलत.

भूपेशनं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. म्हातारीनं ती उघडूही दिली नाही. ती उठून फाटकाशी आली आणि हात आडवा धरला.

"तिथीच उभा राह्य. आत नोको येऊ."

"बाई... मी चुकलो. हे परत शिवेवर ठेवतो. नाई तं नदीत टाकतो."

"वस्तू जाईन. खोकला नाई जाणार." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तू त्याले पायानं नाई उडवलं, वाऱ्यानं तुया अंगावर नाई आनलं. तू हौसेनं उचललं. आता थे तुया घरचं झालं."

"मायी भाची पाच वर्साची हाय बाई."

बुधरीनं एकदा मागे, चिंचेखालच्या सुकलूकडे पाहिलं. "कोनी तसंच हौसेनं मांगलं, तं जाईन त्याच्यासंगं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दुसरा रस्ता मले मालूम नाई. अन् हा रस्ता मी तुले सांगतलो, असं कोनाले नोको सांगू."

*

त्यानं घरी येऊन गोकुळेला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. भाग्यश्रीचं अंथरूण तिनं फळीपासून दूर, खिडकीजवळ ओढून घेतलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिंटू आला. कोणाकडून कळलं कोण जाणे, पण दारातूनच त्याची नजर फळीवर गेली आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला.

"हरामखोर! मायासमोर मुंग गिळून चूप बसला होता!" तो आत आला. "भूपेश, मले दे. मायाजवळचे सगळे घेऊन जा. सगळे! माया पोट्टीचं बारसं झालं परवा, तिच्या पाळन्याच्या वर लावतो पाह्य याले."

आतल्या अंधारातून खोकल्याचा आवाज आला. दोनदा आखूड. मग लांब.

गोकुळा दारात येऊन उभी राहिली. "देऊन टाक," ती म्हणाली.

तिचे डोळे भूपेशवरून हलत नव्हते. पिंटूनं हात पुढे केलेला होता. फळीवरचा वाकड्या त्या हातापासून वीतभर अंतरावर होता. भूपेशला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं तर त्याला जन्मापासून जमत आलं होतं.

"पिंटू," तो म्हणाला. "आधी आयकून घे."

त्यानं सांगितलं. अडखळत, पण सगळं. पिंटू आधी हसला. मग आतून पुन्हा खोकला आला आणि शेवटची ती शिट्टी आली. पिंटूचा हात आपोआप मागे गेला, त्यानं तो शर्टाला पुसला. चहा न घेता तो निघाला. अंगणात जाऊन त्यानं चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि तसाच चालत राहिला.

"आता कोनी नाई घेनार," गोकुळा म्हणाली. त्या रात्री ती त्याच्याशी एवढंच बोलली.

पहाटेकडे भाग्यश्रीला अशी उबळ आली की तिचे ओठ निळे पडले. गोकुळेनं तिला उभं धरलं. भूपेश पाठ चोळत राहिला. सायकलवर घालून दवाखान्यात न्यायचं म्हणून तो चादर आणायला उठला, आणि तेवढ्यात ती थोडी शांत झाली, आईच्या खांद्यावर मान टाकून पडली. उजेड होईस्तोवर थांबू, मग निघू, असं ठरवून त्यांनी तिला खिडकीशी निजवलं. दोघंही भिंतीला टेकले. किती रात्रींचं जागरण होतं. डोळा लागला.

भूपेश जागा झाला तो शांततेनं. घरात खोकला नव्हता.

तो गुडघ्यांवर सरकत अंथरुणाशी गेला. भाग्यश्री झोपली होती. छाती संथ वरखाली होत होती. कपाळ गार. ओठ लाल. खिडकीचं दार, जे गोकुळेनं आतून कडी घालून लावलं होतं, ते उघडं होतं आणि त्यातून सकाळची हवा येत होती.

त्यानं फळीकडे पाहिलं. ओळीतली एक जागा रिकामी होती.

*

भाग्यश्री उठली तीच भूक लागली म्हणत. भाताची पेज पिऊन झाल्यावर भूपेशनं तिला विचारलं.

"वाकड्या? थो मी देल्ला त्या पोरीले."

"कोनत्या पोरीले?"

"खिडकीत येते थे. लय दिवसापासून मांगत होती. मी म्हटली, मामाचा हाय. मंग आज देल्ला." ती ताटली चाटत होती. "टकली हाय थे. हिरव्या झग्याची."

"तिले... काई सांगतली तू? त्याच्याबद्दल?"

"सांगतली ना. म्हटली, याले खोकला हाय बरं." भाग्यश्रीनं ताटली खाली ठेवली. "थे म्हने, मले मालूम हाय."

भूपेश ताबडतोब निघाला. कोणाचं तरी लेकरू आता त्या खोकल्यानं वाकणार होतं आणि त्याला तिच्या आईबापाला गाठायचं होतं. आपल्या गावात त्यानं घरोघर विचारलं. ज्या माणसानं कधी कोणाच्या अंगणात पाय ठेवला नव्हता, तो दारोदार उभा राहून विचारत होता, तुमची पोरगी बरी आहे ना? केस काढलेत का कोणाचे? हिरवा झगा? लोक त्याच्याकडे विचित्र नजरेनं पाहत. तसली पोरगी कोणाच्याच घरी नव्हती. मग तो शिव ओलांडून पलीकडच्या गावात गेला. तिथेही नव्हती. शेवटी उरलं ते बुधरीचं फाटक.

म्हातारी टोपलीचा काठ वळत होती. त्यानं सांगितलं तसे तिचे हात हळूहळू थांबले.

"टकली?"

"हो बाई. अन् हिरवा झगा."

कामटीचं टोक तिच्या बोटात रुतलं होतं. तिनं ते काढलं नाही.

"तापात केस कापले होते तिचे. मीच कापलो. हा झगा बी मीच घालून देल्लो... मातीत ठेवताना." ती चिंचेकडे पाहत होती. तिथे सुकलू आज नव्हता. "सुकल्याच्या आधीची मायी नात. रुपाली. याच खोकल्यानं गेली थे."

कुठेतरी भारद्वाज घुमत होता.

"तुयी भाची आता खोकलते?"

"नाई बाई."

"मंग जा घरी."

तो वळला. रस्त्याला लागणार तोच तिनं मागून हाक मारली.

"पोरा... थे फुकट काई घेत नव्हती कोनाजवळून. लय मानाची पोट्टी होती मायी."

*

भूपेश घरी पोचला तेव्हा दिवस मावळायला आला होता. चुलीवर मासोळीचा रस्सा शिजत होता. गोकुळेनं आतूनच विचारलं, "जेवतं का आता?" आणि तिच्या आवाजात राग नव्हता. किती दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं.

अंगणात भाग्यश्री खेळत होती. दोरी धरून काहीतरी मागेमागे ओढत होती. चाकांचा कुरकुर आवाज येत होता. जवळ गेल्यावर त्यानं पाहिलं. लाकडाचा नंदी. तान्ह्या पोळ्याला लेकरं मिरवतात तसा, चार चाकांचा. लाकूड काळं पडलं होतं, शिंगांच्या फटींत माती घट्ट बसली होती. चाकं मात्र ओली होती, आताच कोणी धुतल्यासारखी.

"हे कुठून आनली, भाग्या?"

"तिनं देल्ला. बदल्यात."

"दे इकडे."

तिनं दोरी दोन्ही हातांनी छातीशी धरली. ज्या पोरीनं आठवडाभर डोळे वर केले नव्हते, तिच्या चेहऱ्यावर आता टवटवी होती. "नाई देत. मायं हाय. मले लय आवडलं."

भूपेश तिच्यापुढे बसला. त्यानं नंदीकडे हात नेला. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की नंदीला एक दोरी पुढून होती, ती भाग्यश्रीच्या हातात. आणि दुसरी एक मागून होती. शेपटीच्या भोकातून निघालेली, बारीक, मातकट. ती अंगणातून सरळ कुंपणाकडे गेली होती, काट्यांमधून रस्त्याच्या बाजूला. अडकली असेल कशाला तरी, असं वाटून त्यानं ती हातात घेतली आणि सोडवायला जरा ओढली.

कुंपणापलीकडून कोणीतरी ती हळूच परत ओढली.